औषध तेच, बुरशी वेगळी



पावसाळा सरत आला की आमच्याकडे दोन तक्रारी हमखास येतात. पहिली शेतातली. "साहेब, बुरशीचं औषध मारलं, पण पूर्वीसारखा गुण नाही." दुसरी तक्रार कचेरीत मोठ्याने कोणी करीत नाही. ती बाहेर झाडाखाली, हळू आवाजात होते. "जांघेतला नायटा जाईना. मलमाच्या चार ट्यूबा झाल्या. आठ दिवस बरं वाटतं, की पुन्हा दुप्पट." मग चौकशी केली तर कळते की घरात बायकोला आहे, पोराला आहे आणि तोडणीच्या टोळीतही निम्म्या लोकांना आहे.

या दोन तक्रारींचा एकमेकींशी काय संबंध, असे कोणी विचारील. संबंध आहे. उसावरचा तांबेरा बुरशीचा, द्राक्षावरचा करपा बुरशीचा, आणि अंगावरचे गजकर्ण किंवा नायटा तोही बुरशीचाच. या तिन्हींवर आपण औषध मारतो किंवा लावतो, आणि तिन्ही ठिकाणी बुरशी हळूहळू औषधाला दाद देईनाशी होऊ शकते. ती कशी होते आणि त्यात आपला हात किती, हे या अंकात समजावून घेऊ.

डोंगरावरचा धडा

सुरुवात आपल्या जिल्ह्यातल्याच एका गावापासून करू. पारनेर तालुक्यातील राळेगणसिद्धी सर्वांना ठाऊक आहे. १९७५ साली अण्णा हजारे सैन्यातून गावी परतले आणि पुढे गावाने श्रमदानातून पाणलोटाची कामे केली. नशाबंदी, कुऱ्हाडबंदी, चराईबंदी असे नियम गावाने स्वतःवर घालून घेतले. उसासारख्या जादा पाणी पिणाऱ्या पिकालाही त्यांनी आवर घातला. हे आम्हा ऊसवाल्यांना जरा टोचते, पण त्यांचा हिशेब पाण्याचा होता आणि तो खरा होता. आज आम्हाला त्यातली चराईबंदी हवी आहे.

ज्या डोंगरावर बारमाही मोकाट चराई चालते तो एकदा नीट पाहा. शेळी आधी काय खाते? कोवळे गवत आणि बोरी-बाभळीचे शेंडे. काय सोडते? तरवड, रुई, घाणेरी. पहिल्या वर्षी डोंगरावर शंभर झुडपांत दहा तरवडाची असतील. पण गोडे झुडूप दरवर्षी खाल्ले जाते, त्याला बी धरता येत नाही. तरवडाला कोणी तोंड लावीत नाही. त्याचे बी पडते, रुजते, मोकळी जागा धरते. काही वर्षांनी पाहावे तर सगळा डोंगर तरवडाचा.

आता शेळीने तरवडाला कडू व्हायला शिकवले का? नाही. तरवड आधीपासूनच कडू होता. शेळीने फक्त त्याचे शेजारी खाऊन टाकले.

बुरशी आणि औषध यांचे नाते अगदी असेच आहे. "बुरशीला औषधाची सवय झाली" असे आपण म्हणतो, पण एकेका बुरशीला सवय वगैरे काही होत नाही. औषध न बाधणारी एखादी बुरशी गर्दीत असते. औषध बाकीच्यांना मारते आणि तिला जागा मोकळी करून देते. ही एक गोष्ट ध्यानात राहिली तर पुढचे सारे सोपे आहे.

ती एक बुरशी येते कोठून?

बुरशी बीजाणूंनी वाढते. काणी आलेल्या उसाचा काळा चाबूक हाताने झटकला तर जी काळी पूड उडते ती बीजाणूंचीच. एका चाबकात त्यांची संख्या कोट्यवधींच्या घरात असते. प्रत्येक नवा बीजाणू तयार होताना जुन्याच्या गुणसूत्रांची नक्कल केली जाते. तलाठ्याने सातबाऱ्याच्या हजारो नकला हाताने उतरविल्या तर एखाद्या नकलेत एखादे अक्षर चुकणारच. बहुतेक चुका निरुपयोगी असतात, काही त्या बुरशीलाच मारक ठरतात. पण कोटीत एखादी चूक अशी निघते की नेमके औषध जेथे चिकटायचे ती जागाच बदलून जाते.

औषध नसताना त्या चुकीचा बुरशीला काही फायदा नसतो. ती गर्दीत हरवून जाते. औषध आले की तिचे दिवस फिरतात.

औषध काम कसे करते?

यासाठी आपल्या कारखान्याचाच दाखला घेऊ. उसाचा रस निघतो, तापतो, निवळतो, आटतो, पॅनमध्ये दाणा धरतो. एका स्टेशनचे काम बंद पडले की पुढे साखर नाही, आणि मागे रस तुंबून राहतो.

बुरशीच्या पेशीतही असाच एक कारखाना चालतो. तिच्या पेशीच्या पातळ आवरणाला अर्गोस्टेरॉल नावाचा स्निग्ध पदार्थ लागतो. माणसाच्या पेशीत त्या जागी कोलेस्टेरॉल असते. हा फरक आहे म्हणूनच बुरशी मारून माणूस वाचविता येतो. नायट्यावरचे टर्बिनाफिन हे औषध अर्गोस्टेरॉलच्या कारखान्यातले एक अलीकडचे स्टेशन बंद पाडते. फ्लुकोनॅझोल, इट्राकोनॅझोल ही 'अ‍ॅझोल' घराण्यातली औषधे त्याच साखळीतले पुढचे स्टेशन बंद पाडतात. अँफोटेरिसिन हे औषध तयार अर्गोस्टेरॉललाच धरते आणि आवरण गळके करते.

बुरशीच्या सुटकेच्या वाटा मुख्यतः चार आहेत.

पहिली, कुलूप बदलणे. औषध ही किल्ली मानली तर बुरशीच्या त्या स्टेशनवरचे कुलूप किंचित बदलते आणि किल्ली बसत नाही.

दुसरी, उत्पादन वाढविणे. औषध दहा यंत्रे बंद पाडते, बुरशी पन्नास उभी करते. औषध पुरे पडत नाही.

तिसरी, उपसा करणे. आपण विहिरीवर मोटर लावून पाणी उपसतो तसे काही बुरशा पेशीत शिरलेले औषध बाहेर फेकतात. १९९० च्या दशकात एड्सच्या रुग्णांच्या तोंडातील कँडिडा बुरशी दीर्घकाळ दिलेल्या फ्लुकोनॅझोलला दाद देईनाशी झाली, त्यात या उपशाचा मोठा वाटा होता.

चौथी, आडोसा. दवाखान्यात शिरेत घातलेल्या नळीवर काही बुरशा चिकट थर धरतात. त्या थराच्या आत औषध नीट पोचत नाही.

काही बुरशा मुळातच एखाद्या औषधाला दाद देत नाहीत. २०२१ साली करोनाच्या दुसऱ्या लाटेत आपल्या राज्यात काळ्या बुरशीने अनेकांचे डोळे आणि जीव घेतले. त्या बुरशीवर फ्लुकोनॅझोल पहिल्यापासूनच चालत नाही. तो तिचा जन्मजात स्वभाव. आपण येथे जे बोलतो आहोत ते आधी औषध चालत होते आणि नंतर चालेनासे झाले, याविषयी.

नायट्याची हकीकत

पंधरा-वीस वर्षांपूर्वी नायटा हा किरकोळ आजार होता. महिनाभर मलम लावले की जाई. अलीकडे तो महिनोन् महिने रेंगाळतो, घरभर पसरतो, चेहऱ्यावरही येतो. असे का झाले याचा शोध आपल्या देशातील डॉक्टरांनी घेतला. २०१८ साली दिल्लीच्या संशोधकांनी रुग्णांच्या त्वचेवरील बुरशी तपासली. सुमारे एक तृतीयांश नमुने टर्बिनाफिनला दाद देत नव्हते. कारण शोधता टर्बिनाफिन जेथे बसते त्या प्रथिनाच्या साखळीतील एखादीच कडी बदललेली सापडली. त्यात वारंवार आढळणारा बदल ३९७ व्या कडीचा आहे. गुणसूत्रातले एक अक्षर चुकले की तेवढा बदल होतो.

२०२० साली जपानी शास्त्रज्ञांनी भारत आणि नेपाळमधून आलेल्या रुग्णांवरील या बुरशीला वेगळे नाव दिले, ट्रायकोफायटॉन इंडोटिनी. त्या नावात आपल्या देशाचे नाव आहे, ही काही अभिमानाची गोष्ट नव्हे. २०२३ साली अमेरिकेतील न्यूयॉर्क शहरात हिचे पहिले दोन रुग्ण नोंदले गेले. त्यांतील एक बाई परदेशी कोठे गेलीच नव्हती, तरी तिला ही बुरशी लागली. म्हणजे ज्याने औषधाचा गैरवापर केला त्यालाच ही बुरशी गाठते असे नाही. ती अंगावरून अंगावर, टॉवेलवरून टॉवेलवर जाते. एकाच्या अंगावर तयार झालेला तरवड दुसऱ्याच्या अंगावर आयता रुजतो.

याला आपल्याकडे जोर का आला? घाम, दमटपणा, घट्ट कपडे आणि दाटीची वस्ती ही कारणे आहेतच. पण तज्ज्ञ आणखी एका गोष्टीकडे बोट दाखवितात, ती म्हणजे मिश्र मलमे. त्यात थोडे बुरशीचे औषध, थोडे जंतूंचे औषध आणि एक जोरकस स्टेरॉईड असते. स्टेरॉईडने खाज दोन दिवसांत थांबते आणि माणूस खूश होतो. पण खाज आणि लाली म्हणजे बुरशीशी झगडणाऱ्या आपल्याच शरीराची खूण. स्टेरॉईड त्या राखणदाराला झोपविते. वरून कातडी शांत दिसते, आत बुरशी पसरते. बुरशी जितकी जास्त तितक्या नकला जास्त, आणि नकला जास्त तितक्या चुका जास्त. त्यातच मलम चार दिवस लावले, चार दिवस सोडले, की औषधाचा अर्धवट मारा होत राहतो. शिवाय अशा मलमाने कातडी पातळ होते आणि जांघेत कायमचे चट्टे उमटतात.

म्हणूनच २०१८ साली केंद्र सरकारने स्टेरॉईडची अनेक मलमे डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय विकू नयेत असा नियम केला. नियम कागदावर आहे. तो पाळायचा की "ते मागचंच मलम द्या" म्हणायचे, हे दुकानाच्या फळीपुढे उभ्या असलेल्या माणसाच्याही हातात आहे.

शेतातली बाजू

आता पंपाकडे वळू. बुरशीनाशकांचा अनुभव नवा नाही. बेनोमिल हे औषध १९६० च्या दशकाच्या अखेरीस बाजारात आले आणि १९६९ सालीच अमेरिकेत वेलवर्गीय पिकांवरची भुरी त्याला जुमानेनाशी झाली. त्याच घराण्यातले कार्बेन्डाझिम आपल्या सर्वांच्या ओळखीचे आहे. बेणे बुडवायला आपण ते वापरतो. महाराष्ट्रातील द्राक्षबागांत करप्याच्या बुरशीचे कार्बेन्डाझिमला दाद न देणारे प्रकार संशोधकांना सापडले आहेत. अशा वेळी बागाईतदार काय करतो? डबा बदलतो आणि थायोफनेट मिथाईल आणतो. नाव वेगळे, किंमत वेगळी, पण ते झाडात गेल्यावर त्याचे कार्बेन्डाझिमच होते. कुलूप तेच बदललेले आहे आणि आपण तीच किल्ली दुसऱ्या रंगात आणली.

याच्या उलट मँकोझेब हे जुने औषध पाहा. ते बुरशीच्या पेशीत एका जागी नव्हे, अनेक जागी एकदम घाव घालते. एकाच वेळी सगळी कुलपे बदलणे बुरशीला फार अवघड जाते. म्हणून इतकी वर्षे वापरूनही त्याला प्रतिकार क्वचितच आढळतो.

शेत आणि दवाखाना यांची गाठ पडते ती अ‍ॅझोल घराण्यात. उसावरचा तांबेरा आणि पानावरचे ठिपके यांसाठी आपण मारतो ती प्रोपिकोनॅझोल, टेब्युकोनॅझोल ही औषधे आणि फुप्फुसातील बुरशीवर डॉक्टर देतात ती औषधे चुलत भाऊ आहेत. दोन्ही त्याच स्टेशनवर घाव घालतात. अ‍ॅस्परजिलस फ्युमिगेटस नावाची एक बुरशी कुजणाऱ्या पाल्यापाचोळ्यात, गरम झालेल्या कंपोस्टच्या ढिगात आनंदाने वाढते. आपण तिच्यावर औषध मारीत नाही, पण पिकावर मारलेले औषध माती आणि काडीकचऱ्यातून तिच्यापर्यंत पोचते. तेथेच तिची निवड होते. हॉलंडमधील डॉक्टरांना असे रुग्ण सापडले की ज्यांनी पूर्वी अ‍ॅझोल औषध घेतलेच नव्हते, तरी त्यांच्या फुप्फुसातील बुरशी त्याला दाद देत नव्हती. २०१२ साली दिल्लीच्या वल्लभभाई पटेल चेस्ट इन्स्टिट्यूटच्या संशोधकांनी आपल्या देशातही तशीच बुरशी दाखवून दिली. कुंड्यांची माती, भातखाचर, चहाचा मळा अशा ठिकाणी ती मिळाली. तिच्यात दोन वाटा एकत्र होत्या, कुलूपही बदललेले आणि उत्पादनही वाढलेले.

याने घाबरून कंपोस्ट करणे सोडू नये. धडधाकट माणूस हे बीजाणू रोज श्वासाबरोबर घेतो आणि शरीर त्यांचा बंदोबस्त करते. धोका आहे तो क्षयाने फुप्फुस पोखरलेल्यांना, आटोक्याबाहेरचा मधुमेह असलेल्यांना, दम्याच्या किंवा कर्करोगाच्या जोरकस औषधांवर असलेल्यांना. असा एखादा माणूस कोणत्या गावात नाही? कंपोस्टचा ढीग उलथताना अशाने लांब राहावे, इतरांनी ढीग ओला करून, नाकातोंडाला फडके बांधून काम करावे.

नवे औषध का आणत नाहीत?

सभासद विचारतील, हे चालत नाही तर दुसरे काढा. अडचण अशी की बुरशी ही जिवाणूंपेक्षा आपल्या जवळची नातेवाईक आहे. तिची पेशी बरीचशी आपल्या पेशीसारखी. तिला मारील आणि आपल्याला नाही असे विष सापडणे कठीण. म्हणून पोटात किंवा शिरेतून देण्याजोगी बुरशीची औषधे मोजक्या घराण्यांचीच आहेत.

आपल्या महाराष्ट्राने यात काम केलेले आहे. पिंपरीच्या हिंदुस्थान अँटिबायोटिक्स कारखान्यात १९६१ साली डॉ. थिरुमलाचार व त्यांच्या सहकाऱ्यांनी मातीतल्या सूक्ष्म जीवापासून हॅमायसिन हे बुरशीवरचे औषध शोधले. पिकांसाठीचे ऑरिओफंगिनही तेथलेच. पण असे शोध रोज लागत नाहीत. २०२२ साली जागतिक आरोग्य संघटनेने पहिल्यांदाच धोकादायक बुरशांची यादी काढली. तीत १९ बुरशा आहेत, आणि वर सांगितलेली अ‍ॅस्परजिलस सर्वांत वरच्या गटात आहे. हाती असलेली औषधे टिकविणे हाच आज शहाणपणा.

आपण काय करावे?

अंगावरच्या बुरशीसाठी:

१. खाज आली की दुकानातून मिश्र मलम आणू नये. डॉक्टरला दाखवावे. कातडीची खरवड सूक्ष्मदर्शकाखाली पाहून खात्री करता येते.

२. सांगितलेले औषध सांगितलेले दिवस पुरे करावे. खाज थांबली म्हणजे बुरशी मेली असे नाही. डाग गेल्यावरही डॉक्टर म्हणतील तितके दिवस औषध चालू ठेवावे. गुण आला नाही तर मनाने गोळ्या न वाढविता पुन्हा डॉक्टरकडे जावे.

३. घरात ज्याला ज्याला आहे त्या सर्वांचा इलाज एकदम करावा. एकाचाच केला तर महिनाभरात पुन्हा हजर.

४. टॉवेल, कपडे, अंथरूण वेगळे ठेवावे. कपडे गरम पाण्यात धुऊन कडक उन्हात वाळवावेत. घामाची ओली चड्डी-बनियन दिवसभर अंगावर ठेवू नये.

५. तोडणीच्या टोळ्या आल्यावर मुकादमांनी कोपीवर ही गोष्ट सांगावी. कामगारांचा नायटा हा थट्टेचा विषय नाही. रात्रभर खाजवून सकाळी कोयता धरणे काय असते ते त्यालाच ठाऊक.

शेतातल्या बुरशीसाठी:

१. पहिला भर औषधाविना उपायांवर द्यावा. काणीचे बेट दिसताच चाबकावर पोते घालून, बीजाणू उडू न देता, मुळासकट काढून जाळावे. काणी असलेल्या प्लॉटचा खोडवा ठेवू नये. बेणे बेणेमळ्यातलेच घ्यावे. उष्ण बाष्पाची प्रक्रिया केलेले मूलभूत बेणे मिळाल्यास उत्तम. त्यात ५४ अंश सेल्सिअस उष्णता १५० मिनिटे देतात. त्या उष्णतेपासून सुटण्याची पळवाट बुरशीला सहजासहजी सापडत नाही.

२. गुण आला नाही की लगेच 'बुरशी दाद देत नाही' असा निष्कर्ष काढू नये. आधी नोझल, पाण्याचे प्रमाण, फवारणीची वेळ आणि पाऊस पाहावा.

३. एकच औषध लागोपाठ मारू नये. औषध बदलताना डब्याचे नाव नव्हे, आतल्या औषधाचे घराणे बदलावे. ते कळत नसेल तर डबा घेऊन शेतकी अधिकाऱ्याकडे यावे.

४. शिफारशीपेक्षा कमी मात्रा मारू नये, जास्तही नको. आणि रोग नसताना, शेजाऱ्याने मारले म्हणून, अ‍ॅझोल मारू नये.

शेवटी

राळेगणची चराईबंदी कागदावर लिहिली म्हणून यशस्वी झाली नाही. प्रत्येक घराने आपली जनावरे बांधली म्हणून डोंगर हिरवा झाला. चार घरांनी शेळ्या सोडल्या असत्या तर बाकीच्यांचे कष्ट फुकट गेले असते. औषधाचेही तसेच आहे. औषधाची ट्यूब आपण पैसे देऊन घेतो म्हणून ती आपली. पण त्या औषधाचा गुण सगळ्या गावाच्या मालकीचा आहे, सामाईक गायरानासारखा. तो एकाने उधळला तर सर्वांचा जातो.

सहकारात आपण हे फार पूर्वी शिकलो. एकाच्या शेअरने कारखाना उभा राहत नाही, आणि एकाच्या शिस्तीने औषध टिकत नाही. या हंगामात पट्टा पडण्यापूर्वी प्रत्येक सभासदाने घरातले मलमाचे खोके आणि शेडमधले औषधाचे डबे एकदा बाहेर काढून पाहावेत, एवढी आमची विनंती आहे. शंका असेल तर आपल्या गटाच्या शेतकी कचेरीत जरूर यावे.